अर्धा मार्क

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, मार्च १९९८ ची तुकडी.)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. आयटीतल्या संधींबद्दल आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी आज मेंदू आणि चेतासंस्थेबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. मग मला हा अधिकार कुणी दिला? तर सहा वर्षांपूर्वी माझी स्वतःची चेतासंस्था बंद पडली आणि तिचा अभ्यास करण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही. ज्या यंत्रावर आपण काम करतो त्याची पुस्तिका आपण कधी वाचतो? ते बिघडल्यावर.

सुरुवात मात्र शाळेपासूनच करते. नववीत विज्ञानाच्या बाईंनी चाचणीत चेतापेशीची आकृती विचारली होती. मी वृक्षिका काढल्या, पेशीचा गोल काढला, केंद्रक काढलं, आणि अक्षतंतू म्हणून पट्टीने दोन सरळ रेघा ओढल्या. नावं सगळी बरोबर दिली. बाईंनी अर्धा मार्क कापला. मी वही घेऊन टेबलापाशी भांडायला गेले. बाई म्हणाल्या, "तारेवरचं प्लास्टिक कुठाय? नुसती तार काढलीस तर शॉक बसेल ना." अक्षतंतूभोवती मण्यांच्या माळेसारखं आवरण असतं, ते मी काढलं नव्हतं. त्या अर्ध्या मार्काने मी वर्गात दुसरी आले आणि आठवडाभर बाईंशी बोलले नाही. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, हे सगळं भाषण त्या अर्ध्या मार्काबद्दलच आहे.

२०१९ चा ऑगस्ट. मी पुण्यात होते. तीन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं होतं, जुलाब झाले होते, बरे झाले, मी विसरून गेले. एका मंगळवारी सकाळी दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या. बसून काम करणाऱ्या माणसाला मुंग्यांचं काय कौतुक? बुधवारी जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. गुरुवारी डॉक्टरांकडे गेले. अशक्तपणा असेल म्हणून बी-१२ चं इंजेक्शन आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. मी त्यांना दोष देत नाही, कारण मुंग्या घेऊन येणाऱ्या शंभर जणांना बहुधा तेच लागू पडतं. दोष माझाही होता. शुक्रवारी आमच्या कामाचा मोठा टप्पा होता, म्हणून मी पाय उशीवर ठेवून दिवसभर लॅपटॉपवर बसले. शुक्रवारी रात्री बाथरूमला जायला उठले आणि उभीच राहता आलं नाही. शनिवारी पहाटे मला उचलून रुग्णालयात नेलं.

तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी काय केलं असेल? रबरी हातोडी काढली आणि गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याला मारली, तोही गप्प. घोट्याला, कोपराला, सगळीकडे शांतता. त्यांचा चेहरा गंभीर झाला आणि मला एकदम नववीची वही आठवली: प्रतिक्षिप्त क्रिया. गुडघ्याखालच्या स्नायुबंधावर टोला बसला की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ती बातमी एका चेतातंतूने मेरुरज्जूपर्यंत जाते, तिथे एकाच जोडावर दुसऱ्या चेतापेशीला दिली जाते, आणि ती पेशी स्नायूला 'आकस' म्हणून हुकूम पाठवते. मेंदूला विचारायला कुणी जातच नाही. म्हणजे एवढ्याशा हातोडीने डॉक्टरांनी माझ्या पायापासून पाठीपर्यंतची जायची आणि यायची, अशा दोन्ही लायनी तपासल्या होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर 'पिंग' केलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचित्र काम सांगितलं. "एक मोठा श्वास घ्या आणि तो संपेपर्यंत आकडे मोजा." मी सत्तावीसपर्यंत पोचले. दुपारी एकोणीस. संध्याकाळी अकरा. छातीच्या आणि पोटाच्या मधला श्वासपटल नावाचा स्नायू आपला श्वास ओढतो. त्याच्याकडे जाणाऱ्या लायनीसुद्धा निकामी होत चालल्या होत्या. रविवारी सकाळी माझ्या घशात नळी घालून मला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

आजाराचं नाव गियां-बारे सिंड्रोम. आपल्याकडे सगळे 'जीबीएस' म्हणतात. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांची नावं गियां, बारे आणि स्ट्रोल. नावात दोघेच राहिले, तिसरा गळाला. आपल्या प्रयोगशाळेत तिघांनी मिळून प्रयोग करायचा आणि फळ्यावर दोघांचीच नावं लागायची, तसंच हे. हा आजार वर्षाला लाखात साधारण एक-दोघांना होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात एकदम रुग्ण वाढले, आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं आणि मला एका आठवड्यात तीस-चाळीस फोन आले. त्या फोनवर मी जे पुन्हा पुन्हा सांगितलं, तेच आज नीट मांडते आहे.

तर हा आजार समजून घ्यायला आधी चेतापेशी समजून घेऊ.

आपल्या शरीरातलं पाणी खारट आहे. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. चेतापेशीच्या पातळ भिंतीत छोटे पंप बसवलेले असतात. एका फेरीत ते तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. हे काम जन्मभर, झोपेतसुद्धा चालू असतं. त्यामुळे आणि पोटॅशियम आतून बाहेर झिरपत राहत असल्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. म्हणजे प्रत्येक चेतापेशी ही भरून ठेवलेली बॅटरी आहे. तिला पुरेसा धक्का बसला की भिंतीतली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, हजाराव्या भागाएवढ्या सेकंदात सगळं उलटतं आणि पुन्हा मूळपदावर येतं. एका जागची दारं उघडली की शेजारची उघडतात, मग त्यांच्या शेजारची. असा हा संदेश पुढे पुढे सरकतो. संदेश अर्धा नसतो, पाऊण नसतो. जातो तर पूर्ण जातो, नाहीतर जातच नाही.

आपल्या घरातल्या तारेतून वीज जाते तसं हे नाही. तार निर्जीव असते. इथे तारेचा प्रत्येक तुकडा जिवंत आहे आणि संदेश पुढे ढकलायला स्वतः मेहनत करतो. म्हणूनच तो तारेतल्या विजेपेक्षा फार हळू जातो. किती हळू, हे १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाच्या चेतेवर मोजलं. त्याच्या गुरूंना वाटत होतं की हा वेग माणसाला मोजताच येणार नाही इतका प्रचंड असेल. निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. एक्स्प्रेस गाडीच्या वेगाएवढा!

आता बाईंचं प्लास्टिक. ज्या तंतूंना आवरण नसतं त्यांच्यात संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. रात्री अंधारात पायाचं बोट खाटेच्या पायाला आपटतं तेव्हा आधी 'आपटलं' हे कळतं, आणि क्षणभराने खरी कळ येते. आपण तोंड वाकडं करून तिची वाटच बघत असतो. आपटल्याची बातमी आवरण असलेल्या जलद तंतूंनी आलेली असते, ठणका बिनआवरणाच्या तंतूंनी मागाहून येतो. आवरण असलेल्या तंतूंचा वेग हातापायांत सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो, सर्वांत जाड तंतूंत १२० मीटरपर्यंतही जातो.

हे आवरण म्हणजे मायलिन. श्वान पेशी नावाची पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेते, पट्टी बांधावी तशी, वेढ्यावर वेढे. एका पेशीने सुमारे मिलिमीटरभर तंतू झाकायचा, मग बारीकशी फट, मग पुढची पेशी. त्या फटींना रानव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. सोडियमची दारं बहुतेक सगळी त्या फटींतच दाटीने बसवलेली असतात. त्यामुळे संदेश सरपटत न जाता एका फटीतून पुढच्या फटीत उड्या मारत जातो.

आठवा, सर गृहपाठाच्या वह्या मागवायचे. शेवटच्या बाकावरून एकेकाच्या हातातून वह्या पुढे सरकवायच्या म्हटलं तर वेळ लागायचा. मग आपला मॉनिटर काय करायचा? चार बाकं सोडून थेट पुढच्याकडे फेकायचा. मधल्या मुलांनी हात वर करायचीसुद्धा गरज नाही. मायलिन म्हणजे ही फेकाफेक. आता समजा, मायलिन निघून गेलं. फेकणाऱ्याच्या हातातला जोर गेला, वही मधेच पडली, आणि मधल्या मुलांना झेलायची सवयच नाही, कारण दारं सगळी फटींच्या जागी आहेत, मधे नाहीत. संदेश नुसता मंदावत नाही, वाटेत नाहीसा होतो. माझं तेच झालं होतं.

मायलिनचा दुसरा फायदा जागेचा. स्क्विड, म्हणजे आपल्या कोकणातलं माकूल, त्याला मायलिन नाही. धोका दिसला की झटकन पळायला त्याने वेगळी युक्ती केली आहे. त्याचा एक तंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी त्याच तंतूत तारा घालून संदेश कसा जातो याचं गणित मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. पण आपल्या सगळ्या जलद तंतूंना इतकं जाड व्हावं लागलं असतं, तर आपला पाठकणा झाडाच्या बुंध्याएवढा झाला असता. आवरणाने ती सोय केली.

मग माझं मायलिन कुणी खाल्लं? माझ्याच शरीराने. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा एक जंतू आहे, दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. २०२५ मध्ये पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला होता. त्याच्या अंगावरच्या काही साखरेच्या साखळ्या आपल्या चेतातंतूंवरच्या साखळ्यांसारख्या दिसतात. शरीर जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. जंतू मरतो, पण प्रतिपिंडं तंतूंनाही जंतू समजून त्यांच्यावर तुटून पडतात. जुळ्या भावांपैकी एकाने खोडी काढावी आणि छडी दुसऱ्याला बसावी, असा प्रकार. हा एकच जंतू याला कारण असतो असं नाही, इतर संसर्गांनंतरही हे होतं. माझ्या बाबतीत नेमका कुठला होता ते सापडलं नाही, तोवर तो निघून गेला होता.

पायापासूनच का सुरू झालं? पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. म्हणजे हजारेक तुकडे. जितके तुकडे जास्त, तितकी कुठेतरी वही पडण्याची शक्यता जास्त. म्हणून बहुधा आधी पाय, मग हात, मग चेहरा.

मनगटावर विजेचा छोटा धक्का देऊन तो किती वेळाने पुढे पोचतो हे मोजायची तपासणी असते. हेल्महोल्ट्झने बेडकावर केलं तेच. जिथे पन्नासच्या पुढे आकडा यायला हवा तिथे माझा २८ आला. डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तार शाबूत दिसते, आवरण गेलंय. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे." मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते आणि मला हसू आलं. चेहऱ्यावर ते उमटलं नाही, कारण तिथल्याही लायनी बंद होत्या. तारेवरचं प्लास्टिक!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या आजारात मेंदूला काही होत नाही. मेंदू आणि मेरुरज्जूतलं मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, त्यावर हा हल्ला होत नाही. माझा मेंदू पूर्ण जागा होता. लोक विचारतात, मेंदू म्हणजे कॉम्प्युटरच ना? माझ्या धंद्यातले तर हमखास विचारतात. मी सांगते, तुलना जपून करा. मेंदूचं वजन साधारण १,४०० ग्रॅम, चेतापेशी सुमारे ८६ अब्ज, त्यातल्या जवळपास ८० टक्के मागच्या बाजूच्या छोट्याशा अनुमस्तिष्कात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के भाग, पण आरामात बसलं असताना लागणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो घेतो. तरी हिशेब केला तर वीसेक वॅट. आपल्या वर्गातली जुनी ट्यूबलाइट याच्या दुप्पट खायची. शिवाय कॉम्प्युटरमध्ये हिशेब करणारा भाग वेगळा आणि लक्षात ठेवणारा वेगळा. मेंदूत ज्या जोडांवरून संदेश जातात तेच जोड वापराने घट्ट किंवा सैल होतात, आणि ते घट्ट-सैल होणं म्हणजेच आठवण. मला पाठ असलेला सत्तावीसचा पाढा कुठल्या खणात ठेवलेला नाही, तो जोडांच्या घडणीत आहे.

असा हा ८६ अब्ज पेशींचा मेंदू चालू, आणि बाहेर जायची एकही वाट नाही. सर्व्हर चालू, नेटवर्क बंद. मी सगळं ऐकत होते. यंत्रांचे आवाज, परिचारिकांच्या गप्पा, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या घरच्यांचं रडणं. आणि मला असह्य त्रास होत होता, जो कुणाला कळत नव्हता. हुकूम नेणारे तंतू बंद होते, पण वेदना आणणारे काही तंतू नको तेवढे पेटले होते. पायावर चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी कुणी काचकागद घासतंय असं वाटायचं. येणारा प्रत्येक जण मायेने ती चादर नीट पायांवर ओढायचा. आईसुद्धा.

मला एकच हालचाल जमत होती, डोळे वर करणं. वर म्हणजे 'हो'. परिचारिकेने ए-बी-सी-डी लिहिलेला कागद आणला. भेटायची वेळ सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. एकेका अक्षरासाठी पंचवीस-सव्वीस वेळा बोट फिरवायचं, त्यात आईला इंग्रजी वाचायची सवय नाही. माझी आई सातवी शिकलेली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या भाचीचा मुळाक्षरांचा तक्ता गुंडाळी करून घेऊन आली. तो तिने माझ्यासमोर धरला आणि आधी ओळींवर बोट ठेवत गेली. क ची ओळ? च ची? मी डोळे वर केले. मग त्या ओळीत पहिलं अक्षर? हो. मग काना, वेलांटी, उकार? काना. चा. पुढे: क, च, ट, त ची ओळ. त, थ, द. हो. मग य ची ओळ. य, र. हो.

"चादर?" आई म्हणाली. "अगं, पायाला लागती व्हय तुझ्या?"

मी डोळे वर केले आणि खाली आणलेच नाहीत. तिने चादर काढली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इंग्रजी कळत नाही म्हणून वसतिगृहात मी रडत असे. मराठी माध्यमाचा तेव्हा राग राग केला होता. ज्या कुणी हजारो वर्षांपूर्वी ही अक्षरं घशापासून ओठांपर्यंत जागेप्रमाणे ओळींत लावून ठेवली, त्याने माझ्यासाठी शोधायला सर्वांत सोपी सूची करून ठेवली होती. आधी ओळ, मग अक्षर, मग मात्रा. पुढचे दोन आठवडे मी त्या तक्त्यावर बोलले. यंत्रावर मी एकूण सोळा दिवस होते.

उपचाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मला इम्युनोग्लोब्युलिन दिलं. किलोमागे दोन ग्रॅम असं प्रमाण, माझं वजन ५५ किलो, म्हणून पाच दिवसांत ११० ग्रॅम. खर्च काही लाखांत गेला, विमा होता म्हणून निभावलं. हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. ते माणसांच्या रक्तद्रवातून काढतात, आणि एकेका घाणीसाठी हजारो रक्तदात्यांचा रक्तद्रव एकत्र केलेला असतो. म्हणजे मी कधीही न पाहिलेल्या हजारो लोकांनी दंडाला पट्टा बांधून मूठ आवळली, त्यातून माझी बाटली भरली. ही प्रतिपिंडं माझ्या बिथरलेल्या प्रतिपिंडांना आवरतात. या आजारावर लवकर दिलं तर ते चांगलं काम करतं. दुसरा उपाय म्हणजे रक्तद्रव बदलणं. औषधाने आवरण लगेच येत नाही, हल्ला तेवढा थांबतो. आवरण बांधायचं काम श्वान पेशी स्वतःच्या गतीने पुन्हा करतात, आणि ते बघायला संयम लागतो.

मी एकेचाळीस दिवसांनी चाकाच्या खुर्चीवर बसून घरी आले. वॉकर घेऊन उभं राहायला तीन महिने लागले. चमचा तोंडापर्यंत नेणं, वेणी घालणं, बटण लावणं, सगळं नव्याने. नवं आवरण पहिल्यापेक्षा पातळ असतं, त्याचे तुकडे आखूड असतात, त्यामुळे वेग पूर्वीइतका होत नाही. पण मेंदू त्या नव्या वेगाशी जुळवून घेतो. पहिल्यांदा भिंतीला न धरता चालले तेव्हा मी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होते. तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्काकडे पायांच्या बातम्या जुन्या वेळेवर येत नव्हत्या. रोज चालून चालून त्याने नवं वेळापत्रक शिकून घेतलं. सात महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, मी ऑफिसात रुजू झाले, आणि दहा दिवसांत लॉकडाऊन लागून पुन्हा घरी बसले! आजही दमल्यावर संध्याकाळी तळवे बधिर होतात. जिना उतरताना कठडा धरते. पण स्वतःच्या पायांनी या व्यासपीठावर चढले, ते तुम्ही पाहिलंत.

आता तीन गोष्टी सांगते आणि थांबते. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले, घरी म्हातारे आईवडील आणि वाढती मुलं आहेत, म्हणून लक्ष देऊन ऐका.

पहिली. दोन्ही पायांना एकाच वेळी मुंग्या आणि अशक्तपणा आला, आणि तो तासातासाला किंवा दिवसादिवसाला वर चढत असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्यातून मागच्या महिनाभरात जुलाब किंवा ताप होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. जिथे अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात त्याच दिवशी जा. मी चार दिवस घालवले. या आजारातले बहुतेक लोक बरे होतात, पण श्वास बंद पडायच्या आत पोचलं पाहिजे. पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा, हे तुम्हाला माहीत आहेच.

दुसरी. रक्तदान करा. शाळेच्या मैदानावर वर्षातून एकदा शिबिर भरवायचं आमच्या तुकडीने ठरवलं आहे. मला डॉक्टरांनी रक्त द्यायला मनाई केली आहे, म्हणून मी नोंदणीच्या टेबलावर बसणार आहे.

तिसरी गोष्ट बाईंसाठी. घरी परतल्यावर बोटांच्या व्यायामासाठी आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "काहीही काढा." मी चेतापेशी काढली. रेघा वाकड्या आल्या, केंद्रक गोलाच्या बाहेर गेलं. तेवढं काढायला पाऊण तास लागला. पण अक्षतंतूवर आवरण काढलंय बाई, मणी मणी, मधे फटी सोडून. तो कागद मी आज पिशवीत घालून आणला आहे. भाषण झालं की तुमच्याकडे तपासायला देते. तेवढा अर्धा मार्क आता द्या.